चालू स्थितीत

फॉर्मवर सतरावा प्रश्न होता:
वस्तू चालू स्थितीत आहे का?
डेप्युटी क्रॉफ्टनं कानामागचं पेन काढलं,
माझ्याकडं पाहिलं, बंदुकीकडं पाहिलं,
भिंतीत प्लग खोचला, खटका दाबला.
नळीच्या तोंडाशी पिवळा उजेड पडला.
'हो,' त्यानं लिहिलं. मग जरा थांबून, 'चाळीस वॅट.'

एकतीस वर्षं आम्ही शोधत होतो
साडेतीन फुटी नळीची, मेपलच्या दस्त्याची
चकमकीची, ठासणीची बंदूक,
आणि ती उभी होती ओहायोत
एका निवृत्त ग्रंथपाल बाईंच्या खुर्चीशेजारी,
डोक्यावर झालरीची टोपी,
पोटातून वायर ओवलेली.

चोरी ऑक्टोबरातली. आम्ही सगळे
आर्डिथ आत्याच्या मयताला गेलो होतो.
चोरानं चांदीच्या चमच्यांना हात लावला नाही.
केक मात्र अर्धा खाल्ला.
वडील शेवटपर्यंत केकवरच जास्त चिडायचे.

भिंतीवर हरणाच्या शिंगांच्या दोन खुंट्या उरल्या
आणि मध्ये बंदुकीएवढा फिकट पट्टा.
तिथं रंग लावू दिला नाही त्यांनी.
'आली की तिला जागा ओळखू यायला हवी.'
वेस्ट व्हर्जिनियातला एकही शस्त्रबाजार सोडला नाही,
गहाणवटीच्या दुकानांत फोटो दाखवत फिरले.
फोटोत तट्टावर मी, दात पडलेली,
आणि कडेला कापली गेलेली अर्धी बंदूक.
लोक म्हणायचे, मुलगी गोड आहे.

मग वडील गेले.
खुंट्यांवर आईची छत्री आली, कुत्र्याचा पट्टा आला.
कुत्रा गेला, पट्टा राहिला.

सापडली ती दिवे दुरुस्त करणाऱ्यामुळं.
वायर बदलताना त्यानं दस्त्यातली पितळी डबी उघडली,
झाकणाच्या आत खिळ्यानं कोरलेलं नाव वाचलं: टोबायस,
मधलं एक अक्षर गाळून.
आमच्या मूळपुरुषाचं लिहिण्याशी फारसं सख्य नव्हतं.
दुरुस्तीवाल्याला आठवलं, कुठल्याशा बाजारात
एका म्हाताऱ्यानं पत्रक हातात कोंबलं होतं,
ही चूक ठळक अक्षरांत छापलेली.

डेप्युटीनं दस्त्याच्या टाचेवर बोट फिरवलं.
'हे खळगे? लढाईतले?'
'अक्रोड,' मी म्हटलं. 'आर्डिथ आत्या फोडायची.'
आणि इतका वेळ कोरडी राहिलेली मी
तिथं, शेरीफच्या कचेरीत, अक्रोडांवरून रडले.

ओटिली ब्रँडाऊ बाई स्वतः घेऊन आल्या होत्या,
मागच्या सीटवर, पट्टा बांधून.
नवऱ्यानं जुन्या बाजारातून चाळीस डॉलरला आणलेला दिवा.
हुज्जत नाही, पैशाची गोष्ट नाही.
'हिच्या उजेडात मी किती पुस्तकं वाचली असतील!
हिनं कधी कुणाला मारलं असेल,
असं मनातही आलं नाही.'
मी हरणांबद्दल सांगितलं.
पुराच्या साली पाय मोडलेल्या खेचराबद्दल सांगितलं.
तिसरी एक गोष्ट आहे आमच्या घरात,
दारं लावून सांगायची. ती नाही सांगितली.

एल्किन्सचा बंदूकवाला नळीत डोळा घालून म्हणाला,
'वायर उपसतो, भोक बुजवतो,
आठ दिवसांत बार काढून दाखवतो.'
मी आईकडं पाहिलं.
आई नव्वदीची. तिनं हात लांब करून
आधी दस्ता चाचपला, खळगे मोजले,
एक कमी भरला म्हणून परत मोजले.
मग म्हणाली, 'खुंट्यांवर माझी छत्री आहे.
ही इथं ठेव, उशाशी.
आणि लाव जरा. औषधाच्या बाटलीवरचं दिसत नाही.'

रविवारी ओहायोतून फोन आला.
हवा कशी आहे, आई कशी आहे.
बाईंना अजून काही बोलायचं होतं, मी थांबले.
'साठचा बल्ब लावू नका हं,' त्या म्हणाल्या,
'नळी तापते.'