नापास माल

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
सत्तय्या येमुल जॅकार्डच्या पत्त्यांना भोकं पाडतोय.
उत्तरेकडच्या कुठल्याशा बेटाचं टोक :
काळा कडा, दातेरी,
खाली फेस.
कड्याला तीनशे बारा पत्ते गेले.
समुद्राला कमी लागले,
तो सगळा एकसारखा.

एक पांढरा ठिपका राहिला.
पक्षी, का फोटोवरचा डाग?
मालक म्हणाला, "कायबी घाल की."
त्याने पक्षी धरला.
एक भोक चुकलं,
पंख तुटका आला.

पाचव्या दिवशी, पहाटे तीनला नळ.
घागरी भरून नागमणीने
तोच टॉवेल तोंडावरून फिरवला,
कडा चिंब.

"तिथं असंच असंल," सत्तय्या म्हणाला,
"बारा महिने ओलं."

ती पिळत म्हणाली,
"मग वाळत कुठं घालतेत?"