हात तोच

रबाळे एमआयडीसीत, रंगाच्या बंद कंपनीत
आमचं अवकाशयान उभं होतं.
पत्र्याला चंदेरी मुलामा, खिडक्यांमागे काळं वेलवेट,
तारे म्हणजे गणपतीतून उरलेली माळ.
बाहेर ट्रक रिव्हर्स घ्यायला लागला
की आम्ही गुरूच्या चंद्रावर गप्प उभे राहायचो
त्याचं पीं-पीं संपेपर्यंत.

हरेश्वर केणी, मुक्काम दिवाळे,
चारशे अकरा भाग कप्तान होता.
यान नपुंसकलिंगी, त्याचं नाव 'पिंगळा', पुल्लिंगी,
आणि हा दांडा ओढताना म्हणायचा,
'चल गं बाय, खाडी ओलांड.'
हे मी लिहिलेलं नव्हतं.
मी लिहिलं होतं, 'प्रज्वलन सुरू.'
पहिल्या दिवशी भांडलो.
लोकांना आवडलं, तेव्हा
गुपचूप स्वतःच्या नावावर करून घेतलं.

मार्चमध्ये गेला. वाशीला, हॉस्पिटलात, मंगळवारी.
मंगळवारी आमची सुट्टी.
कुणाचं शेड्यूल बिघडवायचं नाही,
हा त्याचा जुनाच स्वभाव.

बुधवारी मीटिंग.
उरले सव्वीस भाग, चॅनेलचा माणूस म्हणाला,
कुणालातरी बसवा खुर्चीत.
मी पर्याय मांडत गेलो:
कृष्णविवरातून येताना चेहरा बदलला,
शनीवर वाढलेला जुळा भाऊ,
आठवणी भरलेला यंत्रमानव...
शरीफ कप गोळा करत होता. म्हणाला,
'मेला तर मेला म्हणा ना, साहेब.'

मग तसंच लिहिलं. एकच ओळ.
'कप्तान आता नाहीत.'
कसे, कुठे, ते नाही.
चारशे अकरा भाग मी लोकांना
सगळं समजावून सांगितलं होतं, अगदी गुरुत्वाकर्षणसुद्धा.

इरावती नगरकर. नाटकातली. पाठांतर चोख.
चांगली आहे, हे कबूल करायला
मला तीन भाग लागले.
'चल गं बाय' म्हणायला ती तयार नाही.
'ते त्यांचं आहे,' म्हणते.
ती म्हणते, 'प्रज्वलन सुरू.'
इतक्या वर्षांनी माझं वाक्य
कुणीतरी जसंच्या तसं म्हटलं
आणि मला ते
लिफ्टमधल्या बाईच्या आवाजासारखं ऐकू आलं.

पण उड्डाणाचा जवळून घेतलेला शॉट
पहिल्या भागापासून एकच आहे.
पितळी दांडा तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडून
एका दिवसाच्या भाड्यानं आणलेला,
संध्याकाळी परत केलेला.
त्यावर हरेश्वरचा हात.
अंगठ्याचं नख उभं फाटलेलं,
मनगटावर जाळ्याच्या दोरीचा वळ.
इरावतीचा चेहरा, कट,
हात, कट,
तारे.
एडिटरनं विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.

काल एक पत्र आलं. कोपरखैरणे, सेक्टर चार,
गणिताच्या वहीचा चौकटीचा कागद.
'नव्या कप्तानांना जुन्या कप्तानांचा हात कसा?
ऑपरेशन केलं का?
दुखतं का?
ता. क. आता खाडी ओलांडायला
यानाला कोण सांगतं?'

उत्तर लिहायला बसलोय.
'प्रिय' एवढं झालंय.
ऑपरेशनवाली कल्पना तशी वाईट नाही,
एक अख्खा भाग निघेल.

बाहेर ट्रक मागे येतोय.
अजून बावीस उड्डाणं आहेत.
हात तयार आहे.