पक्कं बिल

एकतीस वर्षं विक्रीकर कचेरीत
दुसऱ्यांचे आकडे तपासले.
लाल पेन्सिल अजून खणात आहे, पेराएवढी उरलेली.

कुकरची रिंग ढिली झाली. साधी गोष्ट.
सून म्हणाली, मागवते, उद्या दारात.
मी म्हटलं, नको.
परवाच लायब्ररीत ठराव केलाय आम्ही:
जे माल इथं विकतात आणि नफा
समुद्रापलीकडच्या बेटावर नेऊन निजवतात,
त्यांच्याकडून काडीसुद्धा घ्यायची नाही.
अनुमोदक मी.
ठराव छापला त्या प्रिंटरची शाई कुठून मागवली होती
हे मुळ्यांनी सांगितलं, पण चहा झाल्यावर.

मग सियागंज. रिक्षाचे साठ रुपये.
भेरूलाल झामडांच्या दुकानात रिंगा
खिळ्याला बांगड्यांसारख्या लटकलेल्या.
झाकण न बघता त्यांनी माप सांगितलं.
नव्वद.
मी म्हटलं, बिल?
हात थांबला. माझ्याकडे पाहिलं, तसंच,
पूर्वी दाराशी आमची जीप थांबली की बघायचे.
"पक्का लोगी तो एक सौ छह, मैडम."

एकशे सहा, वर वीस पैसे.
पैसे मनातल्या मनात मीच जोडले. सवय.

ह्यांची चोरी मला पाठ आहे.
तिला तोंड आहे, चष्मा आहे,
गळकं गोदाम आहे, दोन मुलींची लग्नं आहेत,
आणि खरं सांगायचं तर
आमच्या कचेरीतल्या काही जणांची दिवाळीही.
त्या कंपनीचं बिल मात्र आरशासारखं.
पैशाची चूक नाही.
स्वतःच्याच नावाचं भाडं ती स्वतःलाच देते,
घरमालक दूर बेटावर, आणि इथं
वर्षाअखेरी नफ्याच्या रकान्यात शिल्लक जवळजवळ नाही.
चुकवणं गुन्हा, टाळणं हुशारी:
कायद्यात ह्या दोन शब्दांमध्ये एक भिंत आहे.
तिच्या सावलीत बसून मी पेन्शनीला आले.
पलीकडे माझी पेन्सिल कधी पोचलीच नाही.

दिले एकशे सहा.
बिलबुक शोधायला दहा मिनिटं गेली, कार्बन वाळलेला.
त्यांनी माझं आडनाव "हरडीकर" लिहिलं. असू दे.

घरी लावली तर रिंग बोटभर मोठी.
शिट्टी होईना. डाळ फसफसत राहिली.
सून काही बोलली नाही,
हे तिचं बोलणंच.

संध्याकाळी वरच्या मजल्याचं पार्सल घेऊन मुलगा आला.
वर कुणी नाही, तुम्ही ठेवता का, म्हणाला.
मी ठेवलं. पाणी दिलं.
तुला पगाराची पावती मिळते का रे?
तो हसला. "ऐप में दिख जाता है, आंटी."
पाठीवर कंपनीचं नाव, चप्पल एका बाजूनं झिजलेली.
बहिष्कार जर लागलाच कुठं
तर पहिल्यांदा ह्या चपलेला लागेल,
बेटाला नंतर.
की हे मी कूस बदलण्यासाठी शोधलेलं कारण?

सकाळी कचरागाडी गात आली.
वरचीनं रिकामं खोकं माझ्याच हातात दिलेलं.
गाडीवरची बाई म्हणाली, "अम्मा, टेप निकालो,
टेप अलग, गत्ता अलग."
तिचे हातमोजे, गाडीचं डिझेल, ते गाणंसुद्धा
कुठल्या पैशातून येतं हे मला कळतं.
त्या पैशाचं खोकं मात्र
मी नखांनी सोलत उभी.

सुका ह्यात. ओला त्यात.
ठराव कशात टाकायचा हे तिनं विचारलं नाही.

आज पुन्हा सियागंजला जायचंय, रिंग बदलायला.
रिक्षाचे आणखी साठ.
झामड कुरकुरतील.
पण पर्समध्ये पक्कं बिल आहे,
बदलून द्यावीच लागेल.