जितं कातडं

चामडं आषाढात बुरसतं,
हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही.
सुभाषनगरच्या खोलीत खुंटीवरचे पट्टे
रात्रीत पांढरे पडायचे.
मग करंजेलाचा बोळा, दोन दिवस ऊन,
ऊन नसलं तर चुलीची धग.
मेलेल्या कातड्याचं औषध आम्हाला पाठ.

सातापाच्या कमरेला पहिला डाग उठला, रुपयाएवढा,
तेव्हा माझी किडनी त्याच्यात दीड वर्षाची झाली होती.

नायटा आहे, म्हणाला. जाईल.
कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली,
आठ दिवसांत डाग फिका,
महिन्यात पाठभर.
जांघेतून वर आला, पोटावर आला,
टाक्यांच्या व्रणाला वळसा घालून पुढं गेला,
जशी काही तिथं कुणाची हद्द होती.
गंमत म्हणजे खाज नव्हती फारशी.
म्हणूनच उशीर झाला.

थोरल्या दवाखान्यात मुजावर बाईंनी
पात्यानं कोंडा खरवडला काचेवर.
'बाई, रापी उलटी धरलीसा,' सातापा म्हणाला.
त्या हसल्या. मग मला बोलावून म्हणाल्या, बघा.
दुर्बिणीत
धागे. फांद्या फुटलेले, गाठी मारलेले,
वेणी घालायला काढून ठेवलेल्या वाद्यांसारखे.
काम चांगलं होतं. खोटं कशाला बोलू.

खाज का नाही, विचारलं.
'खाज म्हणजे भांडण, आक्का.
भांडणाऱ्यांना आम्ही गोळ्या देऊन झोपवलंय.
जागे असते, तर तुमची किडनी
कधीच हाकलून दिली असती त्यांनी.'

म्हणजे दार माझ्यासाठी उघडं ठेवलेलं.
आणि त्याच दारानं हे.

बसमध्ये मी बोलले नाही.
तोही नाही. शेंगा खात होता.

आता बुरशीची गोळी घेतली
की किडनीची गोळी रक्तात चढते,
म्हणून ती निम्मी, आणि दर सोमवारी सुई.
आकडे मी मापांच्या वहीतच लिहिते:
सात नंबर, गोंडा लाल.
नऊ नंबर, कान रुंद, दोन जोड.
क्रिएटिनिन एक पूर्णांक चार.
टॉवेल वेगळा, चादर वेगळी, कपडे उकळून,
शिवणीवर इस्त्री जरा जास्त वेळ.

इचलकरंजीचं लग्नाचं गिऱ्हाईक आलं होतं.
पायात घालून बघितलं, चालून बघितलं,
करकर ऐकून खूश झालं,
मग सातापाचं मनगट दिसलं.
जोड अगदी हळू खाली ठेवला, मांजर ठेवावं तसा.
'जाऊन येतो.'

त्या रात्री दिवा घालवल्यावर म्हणाला,
'आक्का, परत घेतीस काय तुझी?'
मी म्हटलं,
'दिलेला जोड आपण परत घेत नाही.
वापरलेला तर नाहीच.'

हसला की काय केलं अंधारात, कळलं नाही.
दिवा लाव, म्हटलं. औषध राहिलंय.
त्यानं सदरा वर केला, पाठ माझ्याकडं केली.
मी हातमोजा घातला
आणि मलम डागावर लावून तसंच पुढं,
कोऱ्या कातड्यावर दोन बोटं आणखी ओढलं.
बाईंनी बजावलंय,
दिसतो तिथं तो संपलेला नसतो.