भागिले तीन

दूध सोसायटीत एकतीस वर्षं खतावणी लिहिली मी,
त्यामुळे विचार करायला बसले
की आधी मधोमध उभी रेघ पडते.

डावीकडे गाडी.
साखळी ते बेळगाव, चोर्ल्यातून,
जाऊन-येऊन एकशे चोपन्न किलोमीटर.
सँट्रो घाटात चौदाच देते, कंपनी काही म्हणो.
अकरा लिटर. हजार छप्पन्न.
पार्किंगचे चाळीस, बाजारामागच्या त्या बोळात
जिथला पोरगा पावती कधीच देत नाही.
ब्रेक, टायर, वळणावळणाची झीज
धरले चव्वेचाळीस,
अंदाजालाही आकडा लागतो, नाहीतर बेरीज हसते.
एकूण अकराशे चाळीस.

भागिले तीन.

उषा पर्येकर मागे, साड्यांच्या गठ्ठ्यावर पाय टाकून.
फिलोमिना पुढे, मांडीवर सान्नांचा डबा.
गणपती माझा, आरशाला लटकणारी माळ तिची.
केरी यायच्या आतच ती गिअरजवळ
तीनशे ऐंशी मोजून ठेवायची,
‘मागीर विसरतां गो हांव.’
अकरा वर्षांत एकदाही विसरली नाही.

मग तिच्या झिल्याचा पासपोर्ट झाला,
त्याला मुलगा झाला,
आणि मूल सांभाळायला फिलोमिना स्विंडनला गेली.

भागिले दोन.
पाचशे सत्तर. उषाने चार खेपा दिले.
पाचव्या खेपेला तिचे गुडघे दुखू लागले.
गुडघे खरेच दुखत असतील.
मी विचारलं नाही.
सोसायटीत मी कितीतरी उधाऱ्या वसूल केल्या,
पण मैत्रिणीचा हात पर्सपर्यंत जाऊन थांबला
तर त्याची नोंद कुठल्या पानावर करतात
ते कुणी शिकवलं नव्हतं.

भागिले एक.
शाळेत मास्तर सांगायचे, एकाने भागलं तर काही बदलत नाही.

म्हणून उजवीकडे बस.
सहा-चाळीसची कदंबा, तिकीट एकशे सत्तावीस.
मी एकशे तीस दिले. कंडक्टरकडे सुटे नव्हते,
त्याने तिकिटाच्या पाठीवर ‘३’ लिहिलं आणि पुढे सरकला.
परतीचे मोजून दिले.
गठ्ठ्यासाठी रिक्षा, एकशे वीस.
एकूण तीनशे सत्त्याहत्तर.

म्हणजे तिघी असताना जेवढं पडायचं
त्याहून तीन रुपये कमी.
दोनदा तपासलं. बरोबर आहे.

पण एक रक्कम कुठे घालायची ते कळेना.
डावी खिडकी मिळाली होती.
अकरा वर्षं त्या घाटात मी फक्त रस्ता पाहिला,
समोरच्या ट्रकचे दिवे, पांढरा पट्टा, हॉर्न द्या हॉर्न द्या.
उषा मागून म्हणायची, बघ बघ,
मी म्हणायचे, वळण आहे.
ती सांगायची, सुपारी वाळत घातलीय,
मधपेट्या आहेत, निळ्या रंगाच्या,
एका फाटकावर सिमेंटचे दोन पोपट आहेत.
फिलोमिना हसायची. मला वाटायचं,
वांती येऊ नये म्हणून बाई काहीही बोलते.

सुपारी होती.
मधपेट्या होत्या, निळ्याच.
आणि मग एका उतारावर, बस गिअर बदलत असताना,
फाटक.

बेळगावात उतरताना गठ्ठ्याच्या दोऱ्या धरता धरता
तीन रुपये राहूनच गेले.
तिकीट वहीत चिकटवलं आहे :
येणे, कदंबा, तीन.

गाडी दारात आहे. रविवारी दहा मिनिटं चालू करते,
बॅटरी मरू नये म्हणून.
ते पेट्रोल कुठल्या खेपेच्या नावावर टाकायचं
अजून ठरवलेलं नाही.

रात्री उषाला फोन केला.
म्हटलं, पोपट आहेत गो.
ती थोडा वेळ गप्प.
मग म्हणाली, उजव्याची चोच मोडलीय.

तेवढं मी पाहिलं नव्हतं.

पुढची खेप बुधवारी.
दोन तिकिटं, दोनशे चोपन्न, एकीकडचे.
अजून तिला विचारलेलं नाही,
पेन्सिलने लिहिलंय.