चाळीस पावलांवर

तांबट लेनच्या तोंडाशी कुरेशभाईंचं दुकान.
शेजारी पातेल्यावर ठोके पडत असतात,
म्हणून ते दोन ठोक्यांमधल्या फटीत
वाक्य बसवून बोलतात.

टेबलावर हिरवी बनात, तिच्यावर दोन बंदुका.
एक अण्णांची, आडवी दुनळी,
नळीला खेटून नळी.
निवडणुकीपासून ठाण्याच्या कोठीत जमा होती,
दस्त्याला अजून पावतीचा दोरा.
दुसरी उभी, नळीवर नळी,
देवळाली कॅम्पातल्या कुणा मेजरच्या सुनेनं
विकायला ठेवलेली.

"हिच्यावरून बघितलं की समोर रस्ता दिसतो,"
कुरेशभाई म्हणाले, "तिच्यावरून रेघ.
उडत्या ताटलीला रेघ बरी.
खालची नळी आधी. धक्का सरळ खांद्यात येतो,
तोंड उसळत नाही, दुसरा बार लगेच.
पण उघडताना बघा, सुसरीसारखा जबडा.
तुमची म्हातारी एवढीशी वाकली तरी काडतूस घेते."

विश्राम खुर्चीच्या टोकावर, मोबाईलमध्ये.
अंबडला दुसरी पाळी, अडीचची बस.
"जुनी देऊन टाका," म्हणाला,
"ताईला स्पर्धेची पाहिजे ना, मग झालं."

मला झालं नव्हतं.
पाथर्डीच्या मागे दगडाची खाण होती,
कुंभाराकडच्या तडकलेल्या पणत्या पोतंभर,
आणि अण्णांच्या दोन हातांना आम्ही दोघं.
मी उजवीकडून फेकायची, तो डावीकडून,
एकदमच, अण्णांची परीक्षा म्हणून.
पुढचा चाप माझ्या पणतीला,
मागचा त्याच्या.
चुकायची ती नेहमी त्याचीच.
तो काही बोलायचा नाही,
खाली जाऊन अख्खी पणती शोधून आणायचा
आणि पोत्यात परत टाकायचा.

मी अण्णांची बंदूक खांद्याला लावली.
गाल दस्त्यावर टेकला, डोळा मात्र
नळ्यांच्या बाहेर, भलतीकडेच.
पुन्हा लावली. पुन्हा तसंच.
"नाही बसणार," कुरेशभाई म्हणाले.
"माझ्या वालिदनी हा दस्ता वाकवलाय,
तेल लावून, शेक देऊन. डावऱ्यासाठी."

अण्णा डावरे होते, हे काय मला माहीत नव्हतं?
जेवताना कोपराला कोपर लागायचा माझा.
पण लाकूडसुद्धा त्यांच्याकडे झुकलेलं असेल
हे नव्हतं सुचलं.

"आण इकडं," विश्राम म्हणाला,
वजन बघावं तशी उचलली,
आणि ती गेली थेट डाव्या खांद्यावर.
गाल, डोळा, मधली पट्टी, टोकाचा मणी.
काही शोधावं लागलं नाही त्याला.
पातेल्यावरचे ठोके चालूच होते.

मग उतरवली, मोडली,
रिकाम्या नळ्या दाराच्या उजेडाकडे धरल्या.
लेथवर वीस वर्षं काढलेला माणूस,
नखानं सांध्यावरचं झाळण चाचपत म्हणाला,
"या समांतर नाहीत."

"नसतातच. समांतर ठेवल्या तर
जन्मभर अंतर राखून जातील.
किंचित आत झुकवतात,
म्हणजे चाळीस पावलांवर
दोघींचे छर्रे एका जागी."

"आणि चाळीसच्या पुढं?"

कुरेशभाईंनी फडकं घडी केलं.
"पुढं एकमेकींना ओलांडून जातात."

अडीचची बस गेली.
मी उभी घेतली, मेजरच्या सुनेची,
किमतीत घासाघीस न करता.
रेघच हवी होती मला, खोटं कशाला बोलू.

कलेक्टर कचेरीत एकाच बाकावर
दोन अर्ज भरले, एका पेनानं.
शस्त्र बाळगण्याचे कारण, या रकान्यात
मी लिहिलं, क्रीडा.
तो बराच वेळ थांबला,
पेन झटकलं, आणि लिहिलं,
डावा खांदा.

कारकुनानं दोनदा वाचलं,
चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं,
आणि आडवी रेघ मारून
स्वतःच्या अक्षरात लिहिलं,
वारसा हक्क.