मंद करायची रीत

कुपवाडच्या लिलावात भंगारात निघालेलं
एक जुनं मोजणीयंत्र, त्यातल्या सहा काचनळ्या.
बाबगोंडांनी त्या साबणाच्या डब्यात कापूस घालून आणल्या,
बसमध्ये मांडीवरून उतरवल्या नाहीत.

आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवण उरकतं.
घड्याळ मात्र रात्रीच भरात येतं,
एकशे सत्तर व्होल्ट खाऊन.
विश्रामबागेतली आमची सगळी खोली केशरी:
छताला, मच्छरदाणीला, माझ्या मिटल्या पापण्यांना
दोन वाजून चौदा मिनिटं.

"कमी करा की हो ते," मी म्हणाले.

आधी त्यांनी करंट कमी केला.
अ‍ॅनोडच्या वाटेत आणखी एक रेझिस्टर.
आठाचा खालचा गोल पेटेना,
तीन नुसताच वर लोंबत राहिला,
अर्धं बोलून गप्प झालेल्या माणसागत.
"उपाशी ठेवून मंद होत नाही," ते म्हणाले,
"मोडतं."

मग रीत बदलली.
करंट पुरता. वेळ थोडा.
सेकंदात शेकडो वेळा पेटायचं आणि दर वेळी
पेटण्याहून जास्त विझून राहायचं.
डोळ्याला कळत नाही, त्याला वाटतं निवलं.
मी अंधारात हात झपझप हलवून बघितला.
पाच बोटांची पंचवीस झाली
तेव्हा पटलं.

सहाही नळ्या पाळीपाळीनं चालवल्या
तर चाराच्या मागं दोनाची सावली दिसायची.
"भूत आहे ते. एक विझला की दुसरा लावायच्या आधी
अंधाराची फट सोडावी लागते."
ती फट आठवडाभर मापत बसले.
मायक्रोसेकंद म्हणे.
आमच्या घरातल्या एका फटीला
अकरा वर्षं झाली होती.

एक गोष्ट त्यांनी फार उशिरा सांगितली.
तासांच्या डाव्या नळीत शून्य, एक, दोन, एवढंच लागतं.
बाकीचे सात आकडे आत नुसते उभे.
लागणाऱ्याची राख न लागणाऱ्यावर बसत जाते,
पुढं कधी लावायला जावं तर
डागाळलेला, तुटक.
म्हणून पहाटे तीनला घड्याळ सगळे आकडे म्हणून घेतं,
शून्य ते नऊ, नऊ ते शून्य,
दोन मिनिटं कुठलीच वेळ नसते.

त्या रात्री मी जागी होते.
आकडे धावायला लागले. डाव्या नळीत सात आला,
जिथं साताला काही काम नसतं.
आणि कूस न बदलता ते म्हणाले,
"सुरगोंडा."

धाकटा भाऊ. हरिपूर रोडच्या जागेवरून जे झालं
त्यानंतर हे नाव घरात लागलं नव्हतं.
'गों'वर जरा अडखळलं,
पण पुरतं आलं.
मग घड्याळ वेळेवर परतलं. तीन वाजून दोन.

सकाळी वीट सरकवून मागची वायर बघत त्यांनी विचारलं,
"अजून कमी करू?"

राहू दे, म्हटलं. एवढा असू दे.